‘ना’ आणि ‘का’ घरी ठेवून जा

अगं, काल रात्री तुझा फोन आला तेव्हा नातू मांडीवर झोपत होता, म्हणून नुसतं हं-हं करत राहिले. “ताई, उद्या अकराला सहा वर्षांची मुलगी येणार आहे, बालरोगच्या मॅडमनी पाठवलीय, सोबत आई-बाबा आहेत, मी काय विचारू?” एका दमात बोललीस. रुग्णालयात नोकरीला लागून तुला चार महिने झाले. चार महिने झाले होते तेव्हा मीही अशीच घाबरले होते, फक्त फोन करायला मला कुणी ताई नव्हती. आता पहाटेचे साडेपाच झालेत, चहा झालाय, म्हणून सगळं लिहून पाठवते. बसमध्ये वाच. बाकीचं विसरलीस तरी चालेल, पण आज डबा भरताना दोन शब्द तेवढे आठवणीने घरी ठेवून जा. एक ‘ना’ आणि दुसरा ‘का’.

हसू नकोस. आपल्या मराठीतला हा ‘ना’ दिसतो एवढासा, पण मुलांच्या बाबतीत फार वाईट. “जेवलीस ना?” “अभ्यास झाला ना?” “आत्याच्या पाया पडलीस ना?” याचं उत्तर आपण पोरांना दोन वर्षांची असल्यापासून शिकवलेलं असतं: मान हलवायची. मग समोर अनोळखी बाई, गळ्यात ओळखपत्र, टेबलावर फाइल, आणि ती विचारते, “त्यांनी तिथे हात लावला ना?” पोर मान हलवते. तुला वाटतं, तिने सांगितलं. तिने तुझं ऐकलं फक्त.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. माझ्या हातून जे झालं ते तुला सांगते. कुठलं रुग्णालय ते विचारू नकोस. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा यायच्या आधीची गोष्ट. पाच वर्षांची मुलगी, सारखी लघवीला जळजळ, आई तिसऱ्यांदा घेऊन आली होती. मी तिला जवळ बसवलं, हातात खडू दिले, आणि पाचव्या मिनिटाला ती म्हणाली, “काका गुदगुल्या करतात.” झालं. माझ्या अंगावर काटा आला. आईने बोलता बोलता सांगितलेलं होतं की घर दोन खोल्यांचं आहे आणि धाकटा दीर त्यांच्यातच राहतो. मी विचारलं, “घरातले काका ना?” तिने मान हलवली. मी कागदावर लिहिलं, ‘काका (वडिलांचा धाकटा भाऊ)’. कंस माझा. मुलीने कंस दिला नव्हता.

त्या रात्री सख्ख्या भावाने त्याला मारलं. तो घर सोडून गेला. महिन्याभराने मुलीने शाळेच्या रिक्षात बसायला नकार दिला, रस्त्यावर लोळण घेतली आणि आईला म्हणाली, “त्यात ते काका असतात.” आता मला सांग, आपल्याकडे काका कोण नसतो? रिक्षावाले काका, वॉचमन काका, दूधवाले काका, बाबांच्या ऑफिसातले काका, बसस्टॉपवरचा कुणीही. पण माझा कागद तयार होता. पोलिसांनी तोच पुढे केला: बाई, आधी घरातला म्हणाली, आता रिक्षावाला म्हणते, उद्या तिसऱ्याच कुणाचं नाव घेईल. ते प्रकरण तिथेच संपलं. तो दीर पुन्हा त्या घरात राहायला आला नाही, एवढं मला नंतर कळलं. मी त्या मुलीला फक्त एवढं विचारायला हवं होतं, “मला त्या काकांबद्दल सांग.”

ही चूक माझ्या एकटीची नाही, जगभर झालीय. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच गावात मॅकमार्टिन नावाची बालवाडी होती. 1983 मध्ये एका आईने तक्रार केली आणि पोलिसांनी सुमारे दोनशे पालकांना पत्र पाठवलं, संशयिताच्या नावासकट: तुमच्या मुलाला विचारा. घरोघरी विचारणं सुरू झालं. मग शेकडो मुलांच्या मुलाखती झाल्या. हातात बाहुल्या, ‘बाकीच्यांनी सांगितलं, तू पण हुशार आहेस ना’ असं गोंजारणं, ‘नाही’ म्हटलं की पुन्हा तोच प्रश्न. मुलं बोलू लागली, आणि थांबेचनात. जमिनीखालची भुयारं आली, उडणाऱ्या चेटकिणी आल्या. खटला 1990 पर्यंत चालला आणि एकालाही शिक्षा झाली नाही. त्यातल्या एखाद्या लेकराला खरंच काही झालं असेल, तर त्याचा आवाज त्या गोंगाटात कायमचा बुडाला. मला तेच जास्त लागतं.

नंतर 1995 मध्ये लाइक्टमन आणि सेसी या मानसशास्त्रज्ञांनी छोटीशीच गंमत करून पाहिली. ‘सॅम स्टोन’ नावाचा एक पाहुणा बालवाडीच्या वर्गात आला, दोन मिनिटं फिरला, गेला. कशाला हात लावला नाही. काही मुलांना आधी कित्येक दिवस सांगून ठेवलेलं होतं की सॅम फार वेंधळा आहे. नंतर त्यांना फिरवून फिरवून विचारलं, पुस्तक त्याने मुद्दाम फाडलं की चुकून? दहा आठवड्यांनी त्यांतली बरीच चिमुरडी पुस्तक सॅमनेच फाडलं म्हणून सांगत होती, काही तर डोळ्यांनी पाहिलं म्हणत होती. ज्यांना कुणी काही भरवलं नव्हतं आणि नुसतं ‘काय झालं ते सांग’ म्हटलं, ती मुलं बरोबर बोलली. म्हणजे लहान मूल भरवशाचं नसतं हे खोटं आहे, बाई. आपण त्याच्या तोंडात घालतो तो घास भरवशाचा नसतो.

मग विचारायचं कसं? तुझी आजी गोष्ट सांगायची तेव्हा तू काय करायचीस? हुंकार द्यायचीस. ‘हं... मग?’ हुंकार थांबला की आजी थांबायची. तेच कर. “मग काय झालं?” “अजून सांग.” “तू म्हणालीस ते पलंगावर बसले, तिथून पुढे सांग.” मायकेल लॅम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या मुलाखतीची जी पद्धत बसवली, एनआयसीएचडी प्रोटोकॉल म्हणतात तिला, ती वाचताना मला सारखी आजीच आठवत होती. त्यात आधी सराव असतो. मूळ विषयाकडे जायच्या आधी मुलीला साधं काहीतरी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगू द्यायचं. “काल शाळा सुटल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलंस?” ती सांगेल: आईने शिरा केला, दादाने रिमोट लपवला, लाइट गेली. तिला कळतं की या बाईला सगळं ऐकायचंय, घाई नाहीये. तुलाही कळतं की ती किती बोलते, वाक्य कसं जोडते.

आणि एक खेळ कर. “मी तिथे नव्हते, म्हणून मला काही माहीत नाही. मी चुकले तर मला सांगायचं. बरं, तू आठ वर्षांची आहेस.” ती ओरडेल, “नाही! सहा!” मग म्हण, बरं झालं सांगितलंस. मोठ्या बाईला चूक म्हणता येतं, हे आपल्या पोरींना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी सांगितलेलं असतं. “माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हण” हेही सांग.

गप्प बसली तर बसू दे. मनात दहा आकडे मोज. पहिल्या वर्षी मला तीनच्या पुढे जाता यायचं नाही.

आता ‘का’. वाक्याच्या शेवटचा नव्हे, सुरुवातीचा. “का गेलीस तिकडे?” “का नाही ओरडलीस?” “इतके दिवस का नाही सांगितलंस?” या तिन्ही प्रश्नांचा मुलीला ऐकू येणारा अर्थ एकच असतो: चूक तुझी. आणि उशिरा सांगणं, थोडं सांगून पाहणं, मग ‘मी खोटं बोलले’ म्हणून सगळं परत घेणं, हे इतकं नेहमीचं आहे की रोलंड समिट नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी 1983 मध्येच त्याच्यावर लिहून ठेवलंय. माघार घेतली म्हणजे खोटं होतं असं धरू नकोस. बाहेरच्या बाकावर बाप “तोडून टाकतो त्याला” म्हणून ओरडत असेल तर मी सहा वर्षांची असते तरी शब्द परत घेतला असता.

तिचे शब्द तिचेच राहू देत. ती ‘शूची जागा’ म्हणेल, ‘चिमणी’ म्हणेल, घरात जे चालत असेल ते म्हणेल. तू सुधारू नकोस आणि कागदावर ‘लैंगिक स्पर्श’ असं भाषांतरही करू नकोस. वहीच्या पानावर उभी रेघ मार: डावीकडे मी काय विचारलं, उजवीकडे तिने काय म्हटलं, अक्षरशः. माझ्या त्या कंसाची चूक अशा पानावर लगेच दिसली असती. तारखेच्या मागे लागू नकोस. सहा वर्षांच्या पोरीला 14 तारीख काय कळणार. ती “गणपती होते तेव्हा” म्हणेल, “नवीन रेनकोट आणला त्या दिवशी” म्हणेल. तेच लिही, कॅलेंडर पोलीस शोधतील. ‘किती वेळा’ हे तर विचारूच नकोस. एकदा की त्याहून जास्त, एवढं पुरतं.

गोळ्या-बिस्किटं ठेवत असशील तर आल्या आल्या दे. सांगितल्यावर दिलीस तर ती बक्षीस होते.

एक प्रश्न तुला नक्की येणार. “तुम्ही कुणाला सांगणार नाही ना?” बघ, ‘ना’ तिच्याही तोंडी आहे. इथे जीभ घसरू देऊ नकोस. वचन द्यायचं नाही. पोक्सोच्या 19व्या कलमाखाली नुसती आशंका असली तरी विशेष बाल पोलीस पथकाला किंवा पोलिसांना कळवणं तुला, मला, शाळेच्या बाईंना, सगळ्यांना बंधनकारक आहे. न कळवण्याला 21व्या कलमात सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे, संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा प्रकार दडपला तर वर्षभरापर्यंत. चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या प्रकरणात न कळवणाऱ्या डॉक्टरवरचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उभा केला. तेव्हा मुलीला खरं सांग: “मी एकटी हे ठेवू शकत नाही. मुलांना सांभाळणं हे ज्यांचं काम आहे त्यांना सांगावं लागेल. पण कुणाला सांगणार ते आधी तुला सांगेन.” मी हे म्हटल्यावर एक मुलगी उठून दाराशी गेली होती. परत आली. वचन देऊन मोडलं असतं तर आली नसती.

यातच तुझी अर्धी भीती कमी व्हायला हवी. आशंका पुरते, म्हणजे सिद्ध करणं तुझ्या गळ्यात नाही. सविस्तर जबाब पोलीस घेतील, मॅजिस्ट्रेटसमोर होईल. तुला एवढंच कळायला हवं: कळवण्यासारखं काही आहे का, आणि आज रात्री ही मुलगी कुणाच्या घरात झोपणार. ते कळलं की थांब. मूल जितक्या जणांना सांगतं तितकं त्याचं सांगणं झिजतं. आणि ती काहीच बोलली नाही, पण मॅडमच्या तपासणीत काही दिसलं असेल, तर तिच्या बोलण्यावाचूनही कळवता येतं.

आता आई-बाप. तुझ्या आवाजावरून मुलीपेक्षा तुला यांचीच धास्ती जास्त दिसली. आधी तिघांना वेगळं बसव, मुलीसमोर आईला काही विचारू नकोस. आईला पहिला प्रश्न: “ती नेमकं काय म्हणाली, तिच्याच शब्दांत सांगा.” दुसरा: “तुम्ही त्यावर काय म्हणालात?” तिसरा फार महत्त्वाचा: “आतापर्यंत तिला हे कुणी कुणी विचारलं?” तुझ्याकडे येईपर्यंत आजीने, आत्याने, शेजारच्या वहिनींनी, ट्यूशनच्या टीचरने आपापली मॅकमार्टिन करून घेतलेली असते. ते सगळं लिहून ठेव आणि हात जोडून सांग की आता घरी कुणी काही विचारायचं नाही. ती आपणहून बोलली तर ऐकायचं, ‘बरं केलंस सांगितलंस’ म्हणायचं, बस्स.

आई रडली नाही म्हणून वहीत ‘आई निर्विकार’ असं लिहू नकोस. मी लिहायचे. एकीने मला सगळं कोरड्या आवाजात सांगितलं आणि उठताना खुर्चीची पाठ सोडता सोडेना, बोटं पांढरी पडली होती. ज्याचं नाव आलंय तो तिचा भाऊ असतो, सासरा असतो, घरात पैसे आणणारा एकटा माणूस असतो. “लोक काय म्हणतील” हे वाक्य ऐकून तुला राग येईल, तो गिळ. तिला कामाचं सांग. उपचार मोफत आहेत आणि गुन्हा नोंदवायच्या आधीही तपासणी होते. मुलीची तपासणी महिला डॉक्टर करतात आणि आई सोबत राहू शकते. जबाब घ्यायला शक्यतो महिला अधिकारी येतात, गणवेशात नाही, आणि मुलगी म्हणेल तिथे, घरीसुद्धा. कोर्टात आरोपीचा वकील तिच्या अंगावर ओरडू शकत नाही, त्याचे प्रश्न न्यायाधीश विचारतात. नाव कुठे छापून येत नाही. पीडितांना आर्थिक मदत देणाऱ्या मनोधैर्य योजनेचंही सांग. कागदावरचं सगळं नेहमी होतंच असं नाही. बदलापूरला 2024 मध्ये शाळेत अत्याचार झालेल्या चिमुरड्यांच्या घरच्यांना तक्रार द्यायला तासन्‌तास ताटकळावं लागलं, हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. म्हणून पोलीस ठाण्यात तू सोबत जा. सहीशिक्क्याची रजा नंतर टाकू.

बापावरच संशय असेल तर? तर त्याच्याशी काही बोलायला जाऊ नकोस, त्याला काही जाणवू देऊ नकोस. “साहेब, डॉक्टरांना अजून दोन तपासण्या करायच्यात” एवढं सांगून मुलीला वॉर्डात ठेवून घे आणि बालकल्याण समितीला किंवा 1098 या मुलांच्या मदतक्रमांकाला फोन लाव. धाडस दाखवायची जागा ही नव्हे.

माराच्या केसेस तुझ्याकडे याहून जास्त येतील, तेव्हा तेही सांगून टाकते. “तुम्ही मारलंत का?” हा तिथला शेवटचा प्रश्न. “सकाळी उठल्यापासून काय काय झालं ते सांगा” हा पहिला. आईला वेगळं, बापाला वेगळं. गोष्ट जुळते का, जखम होऊन किती वेळाने आणलं, आणि त्या वयाचं मूल ते करू शकतं का, एवढं बघायचं. चार महिन्यांचं बाळ ‘पलंगावर चढताना पडलं’ हे होऊच शकत नाही. पण घाईही नको. आपल्याकडच्या कित्येक बाळांच्या कमरेखाली जन्मतःच निळसर डाग असतो, नवख्या डोळ्याला तो मार वाटतो. अमरावतीला असताना मेळघाटातून एक बाळ आलं, पोटभर चटके. तिकडे पोट फुगलं की तापल्या लोखंडाने डागतात, डंबा म्हणतात. मी त्या आईवर तुटून पडायच्या बेतात होते. तिने बाळाला उचललं तेव्हा चटक्यांना कपडा लागू नये म्हणून हात असा काही वळवला की मी तोंड मिटलं. डंबा वाईटच, मूल दगावतं त्याने, ते तिला सांगितलंही. पण तो राग काढण्याचा चटका नव्हता, आणि राग काढणारी आई आणि ही आई, या दोघींना एकच प्रश्न विचारून चालत नाही.

मुलगे विसरू नकोस. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 मध्ये 12,447 मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. 53.22 टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं, आणि त्यांत मुलगे मुलींपेक्षा थोडे जास्तच होते. “मुलगाच आहे, त्याचं काय बिघडतंय” हे मी शिकलेल्या बापांकडूनही ऐकलंय. सतरा वर्षांची, प्रेमात पडून आलेली, पोटुशी मुलगी हा मात्र सगळा वेगळाच गुंता आहे. त्यावर एकदा तूच घरी ये, पिठलं-भाकरी करते.

एक राहिलंच. पोर ओठ घट्ट मिटून आईकडे बघत असेल, तर बहुतेकदा शपथ असते. “कुणाला सांगितलंस तर तुझी आई मरेल.” सहा वर्षांच्या मुलीसाठी ती गोष्ट सूर्याइतकी खरी असते. तू समजावून काही होत नाही. मी एकदा अशाच एका मुलीच्या आईला बाहेर नेलं आणि म्हटलं, तिला काही विचारू नका, फक्त जवळ घेऊन एवढं म्हणा: “माझी कसली शपथ कुणी घातली असेल तर सुटली. मला काही होत नाही.” शाळेतल्या पोरी म्हणतात ना, शपथ सुटली, तसं. आईने तसं म्हटलं. मुलीने आधी तिच्या छातीवर हात ठेवून पाहिला. मग माझ्या खोलीत येऊन बसली, एकटी, आणि म्हणाली, “मी पहिल्यापासून सांगू?”

खोलीतलं ते मोठं टेबल आज भिंतीला सरकव आणि तू खालच्या स्टुलावर बस. शिपाईमामांना सांग, तासभर दार वाजवायचं नाही, चहासुद्धा नको. मोबाइल बंद. काही न बोलता गेली तर पुढची तारीख दे, पण बुधवार देऊ नकोस. लसीकरण असतं, बाहेर इतकी रडारड चालते की आतल्या पोरालाही रडू येतं. दुपारी जेवलीस की फोन कर.